धरणात विषाची बाटली: भीती खोटी, धोका खरा

‘दहशतवाद्यांनी धरणात विष कालवलं, नळाचं पाणी पिऊ नका’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. एका बाटलीने अख्खं शहर मरेल, ही समजूत चुकीची आहे.

साधा हिशेब करा. १०० कोटी लिटरच्या जलाशयात, आणि हा तसा लहानच, एक किलो पदार्थ पूर्ण मिसळला तर लिटरमागे एक मायक्रोग्रॅम उरतो. शिवाय पाणी थेट घरी येत नाही. आधी गाळणी, मग क्लोरीन, अधूनमधून तपासणी. एवढ्याने धोका शून्य होत नाही, पण बाटलीची गोष्ट टिकत नाही.

खरा घाव बसतो तो यंत्रणेवर. पंपांची वीज तोडली, जलशुद्धीकरण केंद्र उडवलं किंवा क्लोरीनचा पुरवठा रोखला, की पाणी समोर असूनही पिता येत नाही. २०१४ साली इराकमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने फालुजाच्या बंधाऱ्याचे दरवाजे बंद करून पाण्यालाच शस्त्र बनवलं. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं. खाली पूर आला आणि वरचा जलाशय आटल्याने लाखोंचं पिण्याचं पाणी गेलं.

युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त करारातलं (प्रोटोकॉल) कलम ५४ लोकांना पाण्याविना ठेवण्यासाठी पाण्याच्या सोयींवर हल्ला करायला मनाई करतं. कलम ५६ धरणांना खास संरक्षण देतं, काही अपवाद ठेवून. तरीही युद्धात पंप दुरुस्तीला जाणारे कर्मचारी मारले जातात. अफवेपेक्षा त्यांची काळजी मला जास्त वाटते.