लंडनच्या जॉर्ज इनची जी एक बाजू उरलीय तिची गोष्ट

लंडन ब्रिज उतरून दक्षिणेला सदर्कमध्ये आलं (स्पेलिंग बघून साउथवार्क म्हणू नका, हसतात), की बरो हाय स्ट्रीटवरून एक बोळ आत जातो आणि तिथे जॉर्ज इन आहे. फोटोत बघाल तर लांबलचक सरळ इमारत, वर लाकडी कठड्यांचे सज्जे, खाली अंगणात बाकडी टाकून बिअर पिणारी मंडळी. पण ही मुळात सरळ इमारत नाहीच, ही एका चौकाची उरलेली एक बाजू आहे, आणि ते ध्यानात घेतलं नाही तर हे सज्जे नुसती सजावट वाटतात.

मुळात हा पब नव्हे, सराई. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टर ब्रिज झाला तोपर्यंत शहरात शिरायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता, तोही अरुंद, वर घरंदुकानं बांधलेली, आणि रात्री दरवाजे बंद. मग दक्षिणेच्या बाजूने, केंट, डोव्हरकडून आलेल्या गाड्या अलीकडेच थांबायच्या आणि म्हणून या रस्त्यावर सरायांची रांगच लागली होती, जॉर्जच्या शेजारीच टॅबर्ड, कँटरबरीच्या मोठ्या चर्चला निघणाऱ्या यात्रेकरूंमुळे नाव झालेली.

सगळ्यांची रचना साधारण एकच. रस्त्याकडून कमानीखालून गाडी थेट चौकात, मागे तबेले, आणि चौकाभोवती मजल्यामजल्यावर उघडे सज्जे ज्यांच्यावर खोल्यांची दारं उघडायची. आपल्या वाड्याचा चौक आठवा, फक्त मधे तुळशीऐवजी घोडे. आत कॉरिडॉर काढायची गरजच नाही, सज्जा हाच कॉरिडॉर, आणि पाहुण्याला वरूनच आपली गाडी जुंपली का ते दिसतं.

नाटकवाल्यांनाही असे चौक सोयीचे पडले, मधे फळ्या टाकायच्या, प्रेक्षक खाली उभे आणि पैसेवाले वर सज्ज्यात. १५७६ मध्ये नट जेम्स बर्बेजने लंडनच्याच शोरडिच भागात नाटकासाठीच वेगळी इमारत बांधली त्याच्याआधी आणि नंतरही काही वर्षं लंडनच्या सरायांत खेळ होत होते. पण म्हणून 'शेक्सपिअर इथेच बसायचा' वगैरे कुणी सांगितलं तर सोडून द्या, तो १६१६ मध्ये वारला आणि आत्ताची इमारत १६७७ ची आहे.

कारण १६७६ मध्ये सदर्कला मोठी आग लागली, १६६६ ची प्रसिद्ध आग नदीपलीकडची, ही वेगळी. त्यात जॉर्ज जळालं, टॅबर्डही जळालं. आणि गंमत बघा, एवढं होऊनही पुढच्याच वर्षी जॉर्ज पुन्हा जुन्याच पद्धतीने उभं राहिलं, चौक तोच, सज्जेही लाकडाचेच. धंदा गाड्यांचा होता आणि गाड्यांना हीच रचना लागत होती, दुसरं काय करणार.

आत एक मोठं घड्याळ आहे, अशा घड्याळांना पार्लमेंटचं घड्याळ म्हणतात. १७९७ मध्ये घड्याळांवर कर बसला, लोक घरची घड्याळं काढायला लागले म्हणून सरायांनी ही लावली असं सांगतात, पण तशी घड्याळं आधीपासून होती आणि कर तर वर्षभरात रद्दही झाला.

खरा घाव आगीचा नव्हे, रेल्वेचा. १८३६ मध्ये हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिज स्टेशन झालं, हळूहळू घोडागाड्या संपल्या, आणि सराईला पाहुणेच उरले नाहीत. शेजारचं टॅबर्ड १८७० च्या दशकात पाडलं. जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या हातात गेलं, त्यांना हवं होतं मालाचं गोदाम, सज्जे काय करायचेत, मग १८८९ मध्ये दोन बाजू सरळ पाडल्या. दक्षिणेकडची तेवढी राहिली.

पुढे ती मालकी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेकडे आली आणि १९३७ मध्ये त्यांनीच ही उरलेली बाजू नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकली. सज्जे असलेली अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच आहे. कधी गेलात तर बाकड्यावर बसताना इमारतीकडे पाठ करून बसा, समोर जी मोकळी जागा आणि पलीकडे नव्या इमारती दिसतात, तिथे सज्ज्यांची दुसरी रांग होती.