पंढरपुरी म्हैस आणि ‘मुक्या माजा’चा गुंता

सोलापूर जिल्ह्यात म्हशींच्या वांझपणावर शिबिरं भरतात. तिथे संप्रेरकांच्या सुया टोचल्या जातात आणि त्यावरून पशुवैद्यकांत वाद होतात. या सगळ्याच्या मुळाशी ‘मुका माज’ हा एक शब्द आहे, म्हणजे म्हैस फळायला तयार असूनही बाहेर न दिसणारा माज.

भारतात कृत्रिम रेतन १९३९ साली म्हैसूरला सुरू झालं. त्या पद्धतीने म्हशीचं पहिलं रेडकू १९४३ मध्ये अलाहाबादला जन्मलं. सांगोला, मंगळवेढ्याच्या गोठ्यात मात्र गोठवलेल्या वीर्याची कांडी आली ती फार उशिरा, द्रव नायट्रोजनच्या कॅनमधून. तोवर म्हशी गावचा रेडाच फळवायचा, आणि माज ओळखायला रेड्याला कुणी शिकवावं लागत नाही. रेडा गोठ्यातून गेला तसं माज ओळखायचं काम माणसावर आलं. मुका माज ही तक्रार म्हणून खरी पुढे आली ती त्यानंतर.

गाय माजावर आली की हंबरते, दुसरीवर उडते. म्हैस यातलं फारसं काही करत नाही. माज बहुतेक रात्री किंवा पहाटे येतो, दिवसभरात ओसरतो. बळस, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, गाईसारखा लोंबत नाही. म्हैस बसली की थोडा खाली सांडतो आणि शेणात मिसळून जातो. धार काढणाऱ्या बाईला मात्र कळतं. म्हैस पान्हा चोरते, सारखी थोडं थोडं मुतते.

नव्वदच्या दशकात आम्ही पशुप्रजनन शिकलो तेव्हा हा शब्द सरसकट वापरला जायचा. मालक म्हणाला “डॉक्टर, म्हैस माजावरच येत नाही” की रजिस्टरवर ‘मुका माज’ लिहून मोकळं व्हायचं. प्रत्यक्षात त्या एका वाक्यात चार वेगळ्या म्हशी असतात. एकीचं चक्र दर २१ दिवसांनी नीट चालू असतं, फक्त लक्षणं दिसत नाहीत. तोच खरा मुका माज. दुसरीचा माज दिसण्यासारखा असतो, पण पहाटे पाहायला कुणी नसतं. तिसरीचा बीजांडकोश कामच करत नाही. चौथी गाभण असते.

हाताने तपासून हे वेगळं करणं म्हशीत अवघड. तिचा बीजांडकोश गाईपेक्षा लहान असतो आणि पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) आत रुतलेला, बोटाला नीट लागत नाही. दहा-अकरा दिवसांच्या अंतराने दोनदा दुधातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पीतपिंडातून येणारं संप्रेरक, मोजलं की चक्र चालू आहे का ते कळतं. याच पद्धतीने संशोधकांनी दाखवून दिलं की ‘बंद’ समजलेल्या कितीतरी म्हशींचं चक्र चालूच होतं. पुढे सोनोग्राफी आली. पण या दोन्ही गोष्टी कॉलेजात राहिल्या. तालुक्याच्या दवाखान्यात हातमोजा आणि अंदाज एवढंच होतं.

वाद आहे तो इथे. प्रोस्टाग्लॅंडिनची सुई पीतपिंड विरघळवते. पीतपिंडच नसेल तर ती फुकट जाते, आणि म्हैस गाभण असेल तर गाभडते. सांगोल्याकडच्या एका शिबिरात न तपासता सुई दिलेली म्हैस चौथ्या दिवशी गाभडलेली मी पाहिली आहे. अडीच महिन्यांचा गाभ होता, हातभर दाव्याच्या टोकाशी पडलेला. मालकाने विचारलं, “साहेब, हिला वांझ कुणी ठरवलं?”

१९९५ मध्ये अमेरिकेत गाईंसाठी ओव्हसिंक पद्धत निघाली. यात पहिली सुई दिल्यावर सातव्या आणि नवव्या दिवशी पुन्हा सुई देतात आणि माज न पाहताच कांडी भरतात. म्हशींत ती चक्र चालू असलेल्यांना बरी लागू पडते. बंद असलेल्यांना प्रोजेस्टेरॉनची जोड द्यावी लागते. म्हणजे फिरून प्रश्न तोच, ही म्हैस कोणती?

आपल्याकडे तिसऱ्या प्रकारच्या म्हशी वाढतात त्या दुष्काळात. मालदांडी ज्वारीचा कडबा संपला की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, येतं. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, फॉस्फरसही कमी पडतो. नुसत्या वाढ्यावर महिनोन् महिने काढलेल्या म्हशीला मुकी म्हणणं मला पटत नाही, ती उपाशी असते. त्यात एप्रिल-मेचं चाळीसच्या वरचं ऊन. म्हैस मुळात थंडीकडे माजणारी, वैशाखात तिचा माज आणखी मंदावतो.

पंढरपुरी ही इथलीच जात तर नियमित विण्यासाठीच नावाजलेली. चांगल्या गोठ्यात ती १२-१३ महिन्यांनी वेत देते, आणि गाभणकाळच सव्वादहा महिन्यांच्या आसपास असतो. म्हणजे व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत ती फळलेली असते. त्या काळात कुणीतरी पहाटे उठून तिच्याकडे पाहिलेलं असतं. आता लिंगनिर्धारित वीर्याच्या, म्हणजे मादी रेडकूच व्हावं म्हणून निवडलेल्या, महाग कांड्या आल्या आहेत. रजिस्टरच्या रकान्यात अजून ‘मुका माज’ हाच शब्द लिहिला जातो. पहाटे गोठ्यात कोण होतं, हे लिहायला त्यात जागा नाही.