शनिवारचा पिक्चर (कोकण)

शनिवारचा पिक्चर : टीव्हीवर लागणारे जुने चित्रपट वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा आणि चारचौघांत बसून पाहण्याची कोकण किनारपट्टीवरील रीत. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागत असे, तेव्हापासूनचा हा शब्द. पुढे वार बदलले, वाहिन्या वाढल्या, पण रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी तो टिकून आहे. जुन्या चित्रपटांची आवड महाराष्ट्रात सगळीकडेच आहे. कोकणात तिला एक वेगळे अंग आहे. इथे चित्रपट जितका पाहिला गेला, तितकाच सांगितला गेला. डोंगर, पाऊस आणि वीज यांनी अर्धवट तोडलेला चित्रपट घरातल्या कुणीतरी तोंडाने पुरा करायचा, अशी ही रीत आहे, आणि तिचा विचार त्याच बाजूने व्हायला हवा.

प्रक्षेपण आणि भूगोल

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा 300 मीटर उंच. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि समुद्रावर त्यांना आडकाठी नसते, म्हणून अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला मुंबईचे चित्र लवकर पोचले. महाड-पोलादपूरकडे मात्र डोंगर आड येत. 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह सोडला गेला आणि त्यानंतर देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक उभे राहिले. त्यांची शक्ती सुमारे 100 वॅट, आवाका पंधरा-वीस किलोमीटरचा. हे प्रक्षेपक आधी दिल्लीचाच कार्यक्रम दाखवत. मराठी प्रादेशिक सेवा उपग्रहावरून मिळू लागली, तेव्हा शनिवारचा मराठी चित्रपट खऱ्या अर्थाने कोकणात सगळीकडे आला.

आला, पण सगळ्यांना सारखा नाही. कोकणची भूमी सडा (वरचे कातळाचे पठार) आणि खलाटी (खालची सखल पट्टी) अशी वरखाली आहे. सड्यावरच्या वाडीत चित्र स्वच्छ, आणि तिथून हाकेच्या अंतरावर खाडीकाठी उतरलेल्या वाडीत पडद्यावर नुसत्या मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके. मग चिव्याची (बारीक बांबूची) लांब काठी, तिच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना, खाली बूस्टर. काठी कौलांच्या वर काढायची आणि एकाने ती फिरवत राहायचे. सिंधुदुर्गात कुणाच्याही परसात हा संवाद ऐकू यायचा: ‘‘इला काय रे?’’ ‘‘इला, इला... नाय, गेला!’’ छपराजवळचा माणूस हात लावून उभा असेपर्यंत चित्र ठीक, हात काढला की मुंग्या. पिक्चर दोन-अडीच तासांचा, त्यामुळे घरातल्या एखाद्या पोराच्या वाट्याला आवाजच यायचा. खारे वारे तारांचे जोड हिरवे करून टाकी, म्हणून पावसाळा संपला की अँटेना उतरवून सांधे घासणे हे घराची कौले चाळण्याइतकेच नेमाचे काम होते. वीज कडाडू लागली की वायर काढून ठेवायची, मग पडद्यावर काहीही चालू असो.

चैत्र-वैशाखात उलटा अनुभव येई. समुद्रावर हवेचे गरम-थंड थर साचले की लहरी त्यांत अडकून दूरवर वाहत जातात. मग जिथे एरवी काही दिसत नसे, तिथे रात्री कुठल्या तरी लांबच्या केंद्राचे चित्र अचानक उमटायचे आणि तासाभरात विरून जायचे.

टीव्ही संच पुष्कळदा चाकरमान्यांनी आणला. मुंबईहून गणपतीला येताना एसटीच्या टपावर गोणपाटात बांधून आलेला, लाकडी शटरचा कृष्णधवल संच. 1985 पर्यंत त्याला परवानाही लागे. संच ओटीवर ठेवायचा, म्हणजे ओटी, पडवी आणि खळे (घरापुढचे अंगण) अशा तिन्ही ठिकाणांहून दिसे. घरची माणसे ओटीवर, शेजारची पडवीत, गडीमाणसे आणि पोरेटोरे खळ्यात. बसण्याच्या या उतरंडीत गावातला जुना भेद उघड दिसत होता, आणि ते इथे नोंदवायलाच हवे. घरोघरी संच आले तेव्हा ती उतरंड मोडली आणि त्याबरोबर एकत्र बसणेही मोडले. यातल्या पहिल्या गोष्टीची हळहळ करण्याचे कारण नाही.

कोणते चित्रपट

प्रभातचे बोलपट, राजा परांजपे यांचे चित्रपट, अनंत माने यांचे तमाशापट आणि पन्नास-साठच्या दशकांतले हिंदी चित्रपट हा मुख्य ऐवज. कोकणातल्या प्रेक्षकाने त्यांतून आपली अशी निवड केली.

‘श्यामची आई’ (1953) हा इथल्या घराघरांतला चित्रपट. दिग्दर्शक प्र. के. अत्रे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. पण दापोली-खेडकडच्या माणसाला ही बढाई सांगावी लागत नाही. साने गुरुजींचे पालगड हे त्याच्यासाठी एसटीच्या पाटीवरचे गाव आहे. त्या आईचे दारिद्र्य, भाऊबंदकी, सावकाराचा माणूस दारात येणे हे सारे त्याला परके नाही. संगीत वसंत देसाई यांचे, आणि ते सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावचे. ‘भरजरी गं पितांबर’ लागले की दक्षिण कोकणातले प्रेक्षक आपल्या माणसाचे म्हणून ऐकतात.

‘शेजारी’ (1941) मधली गजानन जागीरदारांचा मिर्झा आणि केशवराव दात्यांचा जिवबा यांची मैत्री, ती तुटणे आणि धरणाचा शेवट यांना खाडीकाठच्या गावांत वेगळे वजन आहे. देऊळवाडी आणि मोहल्ला यांच्यामध्ये एकच व्हाळ (ओढा), अशी रचना या पट्ट्यात जागोजागी आहे, आणि दोन्हीकडची माणसे एकाच ओटीवर हा चित्रपट पाहत. तो पाहताना कुणी फारसे बोलत नसे.

काशिनाथ घाणेकर मूळचे चिपळूणचे. ते पडद्यावर आले की तिकडे मान ताठ होते. ‘चानी’ (1977) चि. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवरचा, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजूच्या लेखकाचा. पण तो घरच्यांसोबत पाहायला अवघड, त्यामुळे त्याचा बोलबाला कमी. रविवारी दुपारी दिल्लीहून लागणारे बंगाली, मल्याळी, कानडी चित्रपट उपशीर्षकांसह दिसत. इंग्रजी वाचता न येणाऱ्या बायकाही ते पाहत. मल्याळी चित्रपटातले माड, होड्या आणि पाऊस पाहून ‘‘ह्या तर आमचाच’’ असे म्हणत. या दुपारच्या चित्रपटांनी कोकणाला केरळ दाखवला, याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

सांगणे

पावसाळ्यात चित्रपट सलग दिसणे हा योग होता. मध्येच बातम्या लागत, ‘व्यत्यय’ अशी पाटी येई, आणि सर्वांत जास्त म्हणजे लाईट जाई. लाईट गेली की पोरे ओरडत, कंदील लागे आणि कुणीतरी म्हणे, ‘‘फुडचा मी सांगतंय.’’ सांगणारी बहुधा घरातली आत्या, मावशी किंवा आजी असे. तिने तो चित्रपट गिरगावात किंवा परळला कापडगिरणीतल्या नवऱ्याबरोबर राहताना थिएटरात पाहिलेला असे, किंवा मागच्या खेपेला टीव्हीवर.

या सांगण्याला घडण होती. तोच संवाद, तीच हाताची लकब, गाण्याच्या जागी गाण्याचे धृपद. दशावतार पाहून तयार झालेल्या प्रेक्षकाला हे नवे नव्हते. दशावतारात कथा पुराणातली, सगळ्यांना ठाऊक. संवाद नटाने तिथल्या तिथे रचायचे, आणि लोक पहाटेपर्यंत जागतात ते आजचा राजा कसा बोलतो ते ऐकायला. जुना पिक्चर दहाव्यांदा पाहणारा माणूस त्याच कानाने बसतो. पुढे काय होणार हे माहीत असणे हा त्याच्या आनंदाचा पाया आहे. ‘‘आता बघ हां, आता ती मागे वळेल,’’ असे शेजारच्याला आधी सांगून मग ती वळताना पाहायची, यात त्याला खरी चव आहे. शहरातल्या पाहुण्यांना या बोलण्याचा त्रास होतो. पण ते बोलणे काढून टाकले तर ही रीतच उरत नाही.

आजची स्थिती

मुंबईचा मराठी कार्यक्रम 1994 पासून स्वतंत्र वाहिनीवर आणि 2000 पासून ‘सह्याद्री’ या नावाने दिसू लागला. 2007 मध्ये झी टॉकीज ही मराठी चित्रपटांची वाहिनी आली. जुन्या चित्रपटांचा वाटा मात्र आटत गेला. जमिनीवरचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि डीडी फ्री डिशची छत्री घरोघरी लागली. अँटेनाचे तोंड जवळच्या प्रक्षेपकाकडे किंवा उत्तरेला मुंबईकडे असे. छत्रीचे तोंड आग्नेयेला, सह्याद्रीच्या माथ्यावरून वर आकाशात. आंब्याचे झाड आड आले तर फांदी तोडावी लागते. आणि आषाढात पावसाची सर जोरात आली की या लहरी पाण्यातच जिरतात, पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. म्हणजे सांगणाऱ्याची गरज अजून संपलेली नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

सांगितलेले चित्रपट मूळ चित्रपटांपेक्षा थोडे वेगळे होत जातात. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, कुडाळजवळ, ‘संत तुकाराम’ (1936) शेवटापर्यंत कधीच दिसला नाही. दर वेळी काहीतरी होऊन लाईट जाई आणि मावशी तो पुरा करी. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तिला आवडे, पण तिचा जीव गौरीबाईंच्या जिजाईवर. चित्रपट संपतो तो तुकोबा वैकुंठाला जातात तिथे. मावशीचा त्यापुढे एक दिवस जास्त चाले. त्यात जिजाई पहाटे नेहमीसारखी उठते, कासंडी घेऊन म्हशीखाली बसते, आणि म्हैस पान्हा सोडत नाही.