सेसिल ऱ्होड्सचे पीए: एका खुर्चीची पार्श्वभूमी

आपल्याकडे काम अडलं की लोक आधी विचारतात, साहेबांचा पीए कोण आहे. साहेब नंतर. ह्या खुर्चीला एवढं वजन कसं आलं हे समजून घ्यायचं असेल तर मला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत गाजलेला इंग्रज धंदेवाला आणि राजकारणी सेसिल ऱ्होड्स याचं उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं, कारण तिथे एकाच माणसाच्या हातात वसाहतीचं सरकार होतं, जगातल्या बहुतेक हिऱ्यांचा धंदा होता आणि आख्खा मुलुख चालवणारी आणखी एक कंपनी होती, आणि ह्या सगळ्याचं टपाल दोन-तीन तरुण सेक्रेटरींच्या टेबलावर येऊन पडायचं.

आधी पसारा किती होता ते बघा. ऱ्होड्स १८८१ मध्ये केप कॉलनी ह्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीच्या संसदेत निवडून गेला आणि मरेपर्यंत आमदारकी सोडली नाही. १८८७ ला सोन्याची गोल्ड फील्ड्स कंपनी, १८८८ ला हिऱ्यांची डी बिअर्स कन्सॉलिडेटेड, त्यानंतरच्या वर्षी प्रतिस्पर्धी किंबर्ली सेंट्रल विकत घ्यायला ५३,३८,६५० पौंडांचा एकच चेक, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला राणीची सनद, म्हणजे मुलुख ताब्यात घेऊन चालवायचा परवाना. जुलै १८९० मध्ये हाच माणूस केपचा पंतप्रधान झाला आणि एकही कंपनी सोडली नाही. डी बिअर्सचा ट्रस्ट डीडच, म्हणजे कंपनीचा मूळ दस्तऐवजच, असा बनवून घेतलेला की हिऱ्यांच्या कंपनीने मुलुख जोडायलासुद्धा पैसा घालावा. म्हणजे सकाळी आलेलं पत्र सरकारी की खाजगी, कंपनीचं असेल तर कुठल्या कंपनीचं, हे ठरवणारा पहिला माणूस पंतप्रधान नव्हता, पाकीट फोडणारा होता.

ह्या सरमिसळीचा त्रास लवकरच झाला. मंत्रिमंडळातल्या सिवराइटने रेल्वे स्टेशनांवरच्या खाण्यापिण्याचं कंत्राट टेंडर न काढता आपल्या ओळखीच्या लोगनला दिलं, तीन मंत्री त्याच्यासोबत बसायला तयार होईनात, आणि १८९३ मध्ये ऱ्होड्सला राजीनामा देऊन नवीन मंत्रिमंडळ बनवावं लागलं. सँडविच-चहाच्या कंत्राटावरून सरकार हललं आणि खुद्द पंतप्रधानाच्या कंपन्यांबद्दल मात्र तेवढा गदारोळ झाला नाही, हे मला आजही खटकतं.

आता सेक्रेटरी. पहिला महत्त्वाचा माणूस नेव्हिल पिकरिंग, तो खरं तर जुन्या डी बिअर्स कंपनीचा सेक्रेटरी, पण किंबर्लीत ऱ्होड्स आणि तो एका छोट्या घरात एकत्र राहायचे, आणि १८८२ च्या मृत्युपत्रात ऱ्होड्सने सगळी मालमत्ता त्याच्या नावावर लिहिली होती. १८८४ मध्ये पिकरिंग घोड्यावरून पडला आणि त्यातून नीट सावरलाच नाही. १८८६ मध्ये तो शेवटच्या घटका मोजतोय असा निरोप आला तेव्हा ऱ्होड्स ट्रान्सवालमधल्या विटवॉटर्सरँडला सोन्याच्या जमिनी बघत होता, ते सौदे तसेच सोडून तो हिऱ्यांच्या खाणींच्या गावी किंबर्लीला धावला आणि पिकरिंग जाईपर्यंत परत गेलाच नाही, त्यात बरंच सोनं हातचं गेलं. पुढच्या सगळ्या सेक्रेटरींकडून त्याने जी अपेक्षा ठेवली तिची मुळं मला इथे दिसतात, की हा माणूस पगारी कारकून नसावा, घरातलाच असावा.

म्हणून त्याला लग्न न झालेले तरुणच लागायचे. हॅरी करी हा गोल्ड फील्ड्सचं काम बघायचा आणि ऱ्होड्सचा खाजगी सेक्रेटरीही होता. त्याने लग्न ठरवलं तेव्हा ऱ्होड्स एवढा भडकला की ते नातंच संपलं. १८९४ पासून फिलिप जॉर्डन आला, केपच्या सरकारी नोकरीतला शांत पोरगा, नंतर गॉर्डन ल स्यूर. ह्यांचं काम काय, तर प्रवासात सोबत, जेवायच्या टेबलावर सोबत, कोणाला भेटू द्यायचं कोणाला नाही, आणि मुख्य म्हणजे पत्रं. ऱ्होड्सला पत्र लिहायचा कंटाळा, त्याचा भर तारांवर आणि समोरासमोर बोलण्यावर. त्यात डिसेंबर १८९६ मध्ये केपटाऊनचा त्याचा ग्रूट श्यूर बंगला जळाला. त्याच्या हातचे खाजगी कागद फार थोडे उरले आणि चरित्र लिहिणारे आजवर त्यावरून हळहळतात. त्याचा कारभार कागदावर कमी होता आणि ह्या पोरांच्या डोक्यात जास्त.

कागद न ठेवण्याची किंमत काय आणि ठेवण्याची काय, हे जेमसन रेडमध्ये, म्हणजे ऱ्होड्सचा माणूस जेमसन याने केलेल्या फसलेल्या स्वारीत, एकदमच दिसलं. १८९५ च्या शेवटी ट्रान्सवाल ह्या शेजारच्या बोअरांच्या (डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या) राज्यात उठाव घडवून आणायचा आणि मदतीच्या नावाखाली सनदी कंपनीचे (ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचे) स्वार आत घुसवायचे असा बेत होता. त्याच्या तारा केपटाऊनहून कंपनीचा सेक्रेटरी रदरफर्ड हॅरिसमार्फत फिरत होत्या, आणि त्या तारांची भाषा बघा: उठावाला ‘फ्लोटेशन’ (म्हणजे कंपनीचे शेअर बाजारात आणणं), कुठे ‘शेअरहोल्डर्सची मीटिंग’, कुठे ‘पोलो टुर्नामेंट’ पुढे ढकलली. तार ऑफिसातल्या माणसाने वाचलं तरी त्याला वाटणार की शेअर बाजाराची गडबड चालली आहे. दुसऱ्याच्या राज्यावर हल्ला करायचं राजकारण धंद्याच्या शब्दांत इतकं बेमालूम बसलं, कारण दोन्ही कामं तीच माणसं त्याच ऑफिसातून करत होती!

मग २ जानेवारी १८९६ ला डोर्नकॉपला जेमसन शरण आला आणि बोअरांच्या हाती स्वारीतला एक अधिकारी मेजर बॉबी व्हाइट याची कागदपत्रांची पेटी लागली. आत तारा, आणि त्या वाचायची सांकेतिक भाषेची किल्लीसुद्धा. स्वारीवर जाताना गडी किल्लीसकट दप्तर घेऊन गेला होता. दहा दिवसांत ऱ्होड्सचं पंतप्रधानपद गेलं. १८९७ मध्ये लंडनला संसदेच्या समितीने चौकशी केली, पण काही तारा समितीपुढे आल्याच नाहीत. ऱ्होड्सचा वकील हॉक्सली याने त्या द्यायला साफ नकार दिला आणि त्याला काहीही शिक्षा झाली नाही.

हे सगळं वाचताना सेक्रेटरींच्या निष्ठेचं कौतुक वाटायला लागतं आणि तिथे मी स्वतःला थांबवते, कारण ह्या दप्तराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं ते विसरून चालणार नाही. किंबर्लीच्या खाणीतले काळे मजूर कराराचे महिने कुंपण घातलेल्या कंपाउंडमध्ये बंद असायचे, हिरे चोरतील म्हणून अंगझडती व्हायची. १८९३ मध्ये सनदी कंपनीने एन्डेबेले लोकांचं (आजच्या झिम्बाब्वेतलं) राज्य लढाई करून घेतलं, १८९६ ला ते लोक उठले आणि हजारो मेले. १८९४ चा ग्लेन ग्रे कायदा तर ऱ्होड्सने पंतप्रधान म्हणून स्वतः आणला, आफ्रिकन माणसाला ठरावीक तुकड्याच्या वर जमीन नको आणि बाहेर मजुरीला गेला नाही तर कर. खाणीला मजूर हवेत ही कंपनीची गरज आणि तो कायदा, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुलै १८९९ मध्ये ऱ्होड्स स्कॉट नावाच्या बोटीने इंग्लंडहून केपला निघाला, तेव्हा कॅथरीन राझिविल नावाची पोलिश राजघराण्यात लग्न करून गेलेली बाई त्याच बोटीवर आली आणि जेवायला त्याच्याच टेबलावर जागा मिळवली. पुढे केपटाऊनला ती ग्रूट श्यूरला येत-जात राहिली, एक साप्ताहिक काढलं, कर्ज झालं, ऱ्होड्सचे कागद आपल्याकडे आहेत असंही सुचवत राहिली, आणि शेवटी त्याच्या खोट्या सह्या करून प्रॉमिसरी नोटा, म्हणजे पैसे देण्याची लेखी वचनपत्रं, बाजारात आणल्या, रक्कम वीस हजार पौंडांच्या वर. लोकांनी त्या घेतल्या कशा? मला वाटतं, कारण सगळ्यांनाच माहीत होतं की हा माणूस पैसे सढळ हाताने देतो, तोंडी शब्दावर देतो, मधल्या माणसाकरवी देतो. हिशोबाची शिस्त असलेल्या माणसाच्या नावावर असा धंदा चालला नसता, आणि सेक्रेटरींनी कितीही दार राखलं तरी जिथे वहीच नीट नाही तिथे ते तरी काय राखणार.

१९०१ मध्ये एक नोट धरून टॉम लाऊ नावाच्या माणसाने कोर्टात दावा लावला आणि भांडं फुटलं. ऱ्होड्सचं हृदय आधीच कामातून गेलेलं, डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते, तरी फेब्रुवारी १९०२ मध्ये, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तो साक्ष द्यायला केपला परत आला. श्वास घेता येईना म्हणून त्याला म्युझेनबर्गच्या समुद्राकाठच्या छोट्या घरात नेलं, हवा यावी म्हणून खोलीच्या भिंतीला भोक पाडलं, आणि भोवतीची माणसं पाळीपाळीने वारा घालत बसली. २६ मार्च १९०२ ला तो गेला, वय ४८.

राझिविलला त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढे दहाएक वर्षांत जॉर्डनने ऱ्होड्सवर पुस्तक लिहिलं, मग १९१३ मध्ये ल स्यूरने लिहिलं, आणि १९१८ मध्ये खुद्द राझिविलनेही लिहिलं. ऱ्होड्स घरात कसा वागायचा, काय खायचा, कोणावर चिडायचा हे आज आपण वाचतो त्यातलं पुष्कळसं त्या दोन सेक्रेटरींच्या आठवणींतून आलंय.