नोट मळते ती धुळीने नव्हे

नोट मळकट का होते, असं कुणालाही विचारा. धूळ, माती, बाजारातली घाण, हेच उत्तर मिळेल. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेतल्या संशोधकांनी वापरातल्या नोटा तपासल्या तेव्हा मुख्य दोषी वेगळाच निघाला: माणसाच्या त्वचेतलं तेल. नोटेवरचा तो पिवळा-तपकिरी रंग आपल्याच अंगातून आलेला असतो. या तेलाशी झगडण्याचा एक सुंदर प्रयत्न आफ्रिकेतल्या एस्वातिनी नावाच्या चिमुकल्या राज्याच्या नोटांमध्ये दिसतो.

एस्वातिनी म्हणजे पूर्वीचं स्वाझीलँड. क्षेत्रफळ सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम 12 लाख. एका अंगाला मोझांबिक, बाकी सगळीकडे दक्षिण आफ्रिका, समुद्र कुठेच नाही. इथे राजा नावापुरता नाही. राजे म्स्वाती तिसरे 1986 पासून गादीवर आहेत आणि सत्ता त्यांच्याच हाती आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांनी देशाचं नाव बदललं. नोटांवर अर्थातच त्यांचाच चेहरा आहे. देशाचं स्वतःचं चलन 1974 मध्ये आलं, त्यांचे वडील सोभुझा दुसरे राजे असताना. एक नग असेल तर लिलांगेनी, जास्त असतील तर एमालांगेनी. त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेली आहे आणि दुकानांत रँडही सहज चालतो.

एवढ्या छोट्या देशाला स्वतःचा नोटांचा छापखाना परवडत नाही. 2010 ची मालिका म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने छापली. म्हणजे फाटलेल्या, मळलेल्या प्रत्येक नोटेच्या बदल्यात परदेशी पैसे मोजायचे. नोट किती काळ टिकते हा प्रश्न अशा देशासाठी मुळीच किरकोळ नाही. त्या मालिकेत 10, 20 आणि 50 च्या नोटा नेहमीच्या कापसाच्या कागदावर आल्या, पण 100 आणि 200 च्या नोटांना मिळाला ‘हायब्रिड’, म्हणजे कापूस आणि प्लास्टिक यांचा मिलाफ असलेला कागद.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तळहातावर तेलग्रंथी नसतातच. तिथे फक्त घामाच्या ग्रंथी असतात. मग बोटांना तेल लागतं कुठून? आपण दिवसभर नकळत नाक, कपाळ, केस यांना हात लावतो, तिथून. त्वचेच्या या तेलाला सीबम म्हणतात. त्यात बरीचशी नेहमीची चरबी, मेण आणि सुमारे 12 टक्के स्क्वालीन असतं. स्क्वालीन म्हणजे 30 कार्बन अणूंची लांब साखळी आणि तिच्यात तब्बल 6 दुहेरी बंध. हे सहा बंधच सगळ्या गडबडीचं मूळ आहेत.

नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा, तंतूंमध्ये बारीक फटी. बोटावरचं तेल केशाकर्षणाने त्या फटींत ओढलं जातं आणि पातळ थर होऊन पसरतं. थर जितका पातळ, तितकी हवेशी गाठ जास्त. दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. प्रकाशाने, उष्णतेने किंवा धातूच्या एखाद्या कणामुळे तो निसटला की मागे एक मुक्त मूलक उरतो, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला, लगेच कुणाशी तरी जुळू पाहणारा रेणू. त्याला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि पेरॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक स्वस्थ बसत नाही, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होतो. पण हिसकावल्यामुळे तो शेजारी आता मूलक झालेला असतो, आणि तोही पुन्हा तेच करतो. एकदा सुरुवात झाली की साखळी चालत राहते. पुढे हायड्रोपेरॉक्साइड फुटून अल्डिहाइड बनतात, काही तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि एकाआड एक दुहेरी-एकेरी बंधांच्या रांगा तयार होतात. या रांगा जांभळा-निळा प्रकाश शोषतात. उरलेला परावर्तित प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. जुन्या फरसाणाला खवट वास येतो तो याच रसायनाने.

म्हणूनच एकदा हाताळलेली नोट नंतर डब्यात पडून राहिली, तरी पिवळी पडत जाते. तेल आधीच आत गेलेलं असतं, पुढचं काम हवा करते. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा नियम शाळेत शिकलेला असतो. तो इथे लावून पाहा. राजधानी म्बाबाने सुमारे 1,200 मीटर उंचीवर, थंड हवेत आहे. बिग बेंड आणि सिमुन्ये पूर्वेच्या उष्ण, सखल पट्ट्यात आहेत, उसाच्या मळ्यांचा हा भाग. मळ्यात काम करणाऱ्याच्या खिशातली नोट म्बाबानेतल्या गल्ल्यातल्या नोटेपेक्षा लवकर पिवळी पडायला हवी.

हायब्रिड कागदात कापसाचा गाभा तसाच ठेवतात, वॉटरमार्क आणि सुरक्षा धागा त्यातच. दोन्ही बाजूंना काही मायक्रोमीटर जाडीची पॉलिएस्टरची फिल्म चढवतात आणि छपाई तिच्यावर होते. तेल फिल्मवर थांबतं, तंतूंपर्यंत पोचत नाही, आणि वरच्यावर पुसलंही जातं. कागदाला भोक पाडून त्यावर फिल्म ताणली की पारदर्शक खिडकीही करता येते, बनावट नोटा करणाऱ्यांसाठी ती डोकेदुखी. मोठ्या नोटांना हा मान मिळण्यामागे हेही कारण असावं. एरवी मळण्याचा विचार केला तर जास्त हातांतून जाणाऱ्या 10 च्या नोटेला त्याची गरज अधिक आहे, असं माझं मत.

‘हायब्रिड’ या शब्दाला भुलून कुणी त्यात इलेक्ट्रॉनिक्स शोधू नये. 2016 मध्ये आपल्याकडे दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप असल्याची अफवा सुशिक्षितांनीही डोळे झाकून पुढे पाठवली होती. उपग्रहाला संदेश पाठवायला चिपला ऊर्जा लागते, ती नोटेत कुठून येणार, एवढा प्रश्न पुरेसा होता. हायब्रिड नोटेत फक्त कापूस, प्लास्टिक, शाई आणि चांगलं रसायनशास्त्र आहे.

फिल्मलाही मर्यादा आहेत. नोट कापल्यावर चारही कडांना गाभा उघडा राहतो आणि वारंवार घडी पडणाऱ्या रेषेवर शाई झिजते. साध्या कागदी नोटांसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये दुसरी वाट दाखवली. कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 73 पटींपुढे नेला की तो ना धड वायू राहतो, ना द्रव. वायूसारखा फटींत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवतो. या अवस्थेतल्या कार्बन डायऑक्साइडने नोटांमधलं सीबम निघालं आणि सुरक्षा धागे, होलोग्रॅम शाबूत राहिले. घरी साबणाने नोट धुऊन इस्त्री करणं मात्र वेगळं. त्यात कागदाचा कडकपणा जातो, आणि इस्त्रीची उष्णता उरलेल्या तेलाचं ऑक्सिडीकरण आणखी वेगाने घडवते.