धागा धारदार नसतो, तरी आतडं कापतो

परवा परत तो फोटो आला. मांजरीचं गोंडस पिल्लू, पुढ्यात लाल लोकरीचा गुंडा, खाली शुभ सकाळ. मी हौसेने सूत कातते, घरात एक बोकाही आहे, त्यामुळे असा फोटो बघितला की पहिला विचार येतो तो म्हणजे धाग्याचं टोक कुठाय, तोंडात तर नाही ना? मांजर आणि लोकर ही जोडी इतकी गोड करून टाकलीये सगळ्यांनी की यात जीव जाऊ शकतो हे सांगितलं तर लोक हसतात.

आधी अवजारांचं उरकते, कारण ते नुकसान फक्त खिशाला लागतं. लाकडी चरखा कुरतडतात ते ससे, उंदीर, हॅमस्टर वगैरे. यांचे पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात, सशाचे तर वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे झिजवले नाहीत तर तोंड मिटणं मुश्किल. उंदराच्या दाताला कडक इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागची बाजू लवकर झिजते, आणि दाताला पटाशीसारखी धार आपोआप लागत राहते. कुत्र्यांना चरख्याचे चामड्याचे तुकडे आवडतात, ते साहजिकच आहे. पिल्लांचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात तेव्हा टकळी, विणायच्या सुया, रीळ, जे हाताला (म्हणजे तोंडाला) लागेल ते चावलं जातं. ओरडून काही होत नाही, वस्तू उचलून ठेवायच्या, बस.

खरा घोळ सुताचा आहे. मांजराला सरपटणारी, वळवळणारी बारीक वस्तू दिसली की झडप घालायचीच असते आणि फिरत्या चरख्याची माळ (चाकावरून फिरणारी दोरी) म्हणजे त्यांच्यासाठी न संपणारी शेपटी. शिवाय काही मांजरं लोकर नुसती चोखतात, चावतात, सयामी आणि बर्मीज जातींत हे विशेष दिसतं. आणि मांजराची जीभ अशी की एकदा धागा आत गेला की थुंकता येत नाही. जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो काटे असतात, केराटिनचे, म्हणजे ज्या प्रथिनाची लोकर असते त्याचेच. ॲलेक्सिस नोएल या संशोधिकेचं मांजर ब्लँकेट चाटता चाटता जीभ अडकवून बसलं, तिथून कुतूहल वाढलं आणि २०१८ मध्ये तिचा आणि डेव्हिड हू यांचा शोधनिबंध आला: काट्यांची टोकं पोकळ पन्हाळीसारखी असतात, त्यात लाळ भरते आणि ती केसांच्या मुळापर्यंत पोचते. केस विंचरायला झकास, पण धाग्यासाठी ती एकेरी वाट, फक्त आत जायची.

"लोकर नैसर्गिक असते, पचून जाईल" असं मला दोघा-तिघांनी सांगितलंय. नाही पचत. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात आणि ते तोडणं आपल्या किंवा मांजराच्या पाचकरसाला जमत नाही. कपड्यांतल्या कसरीच्या अळ्यांना जमतं. म्हणून तर त्या तुमचं स्वेटर खातात.

आता माझा आवडता भाग, जरा दम धरा. सूत मुळात टिकतं कशामुळे? कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा आणि धागा तर मैलभर लांब. गॅलिलिओलाही हा प्रश्न पडला होता, १६३८ च्या पुस्तकात त्याने दोराबद्दल हेच विचारलंय, की आखूड तंतूंचा दोर ओढल्यावर सुटा का होत नाही. उत्तर आहे पीळ. पीळ दिलेला धागा ओढला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, दाब वाढला की घर्षण वाढतं, म्हणजे जितकं ओढाल तितकं घट्ट. आणि दोर एखाद्या खांबाला गुंडाळला तर हे घर्षण नुसतं वाढत नाही, गुणत जातं. १८व्या शतकात ऑयलरने याचं सूत्र मांडलं: २.७१८ या संख्येचा घात घ्यायचा, घातांक म्हणजे घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचं माप) गुणिले एकूण वळणाचा कोन, रेडियनमध्ये (एक पूर्ण वेढा म्हणजे ६.२८ रेडियन). घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्यात दोन टोकांच्या ताणात साडेसहा पट फरक पडतो, दोन वेढ्यांत ४३ पट, तीन वेढ्यांत जवळपास २८५ पट. यात खांब किती जाड हे येतच नाही, फक्त एकूण किती वळलात. मला हे दर वेळी जादूसारखं वाटतं. चरख्याची माळ चात (सूत पिळणारी टोकदार सळई) फिरवते तीही याच पकडीवर.

आता हेच आतड्यात. गिळलेल्या धाग्याचं एक टोक कुठेतरी अडकतं, मांजरात बऱ्याचदा जिभेच्या बुडाशी, कुत्र्यात जठर जिथे आतड्याला जुळतं तिथे. उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडं आपल्या सवयीने लाटा मारून त्याला पुढे ढकलतं, धागा काही हलत नाही, मग आतडंच धाग्यावर वर चढत जातं, पायजम्यात नाडी ओवून ओढल्यावर कापड गोळा होतं ना, तसं. प्रत्येक चुणीला एक वळण. आतडं ओलं आणि निसरडं असतं म्हणून घर्षणांक फक्त ०.१ धरू (हा माझा अंदाज, नुसतं गणित दाखवायला). अर्ध्या वेढ्याची १० वळणं झाली की ताणातला फरक २३ पट, २० वळणांना ५३५ पट! आणि ताणलेला धागा प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला दाबतो, लाटा चालूच असतात, त्यामुळे तो करवतीसारखा तिथेच मागेपुढे होत राहतो. भोकं पडतात ती याच आतल्या कडेला, मग आतला मळ पोटात सांडतो आणि जंतुसंसर्ग होतो. धाग्याला धार असायची गरजच नाही.

म्हणून धागा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, कितीही मोह झाला तरी. उलट्या, खाणं बंद, मरगळ, असं काही दिसायची वाटही बघू नका, लगेच पशुवैद्याकडे न्या.

मधल्या मधे एक फॉरवर्डही फिरतोय, लोकरीवर टी ट्री तेल शिंपडा, नैसर्गिक आहे, प्राणी फिरकणार नाहीत. अरे बाबांनो, मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी रसायनं निकामी करणाऱ्या एका एन्झाइमचं जनुकच बिघडलेलं असतं, तुम्हाला जे सुगंधी ते त्याला विष. घट्ट झाकणाचा डबा पुरतो की! माझे पेळू (कातायला वळून ठेवलेल्या कापसाच्या वळ्या), सूत आणि चरख्याची काढलेली माळ, सगळं कातून झालं की डब्यात जातं, बोका बाहेर बसून डब्याकडे बघतो.

शस्त्रक्रियेबद्दल वाचलं तेव्हा मात्र मला भारी वाटलं. सर्जन आधी अडकलेलं टोक मोकळं करतात आणि मग धागा सहज निघत नसेल तर अख्खा ओढून काढत बसत नाहीत, आतड्याला ठिकठिकाणी छेद देतात, धागा कापतात आणि तुकडे वेगवेगळे काढतात. एवढे छेद कशाला असं वाटेल, पण वरचंच गणित लावून बघा. २० वळणांचा एक धागा म्हणजे ५३५ पट, त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला ५ वळणं, आणि फरक उरतो जेमतेम ५ पट.