रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल : ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’मधील वास्तववादी उड्डाणांची जुळणी

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अवकाश-उड्डाणाच्या सिम्युलेटरमधील ग्रह, इंजिने, इंधने आणि उड्डाणाचे नियम प्रत्यक्षातील मूल्यांवर आणणारा पूरक प्रणालींचा, म्हणजे मॉडचा, संच. काटेकोरपणे पाहता हे त्यांपैकी एकाच मॉडचे नाव आहे. त्याच्यासोबत बसवाव्या लागणाऱ्या सगळ्या मॉडच्या जुळणीलाही खेळाडू ‘आरओ’ असेच म्हणतात, आणि या नोंदीत ते नाव त्याच व्यापक अर्थाने घेतले आहे.

मूळ खेळ मेक्सिको सिटीतील स्क्वॉड या कंपनीने तयार केला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती २४ जून २०११ रोजी आली, १.० ही आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये निघाली आणि १.१२ ही शेवटची मालिका २०२१ मध्ये सुरू झाली. या खेळातील कक्षांचे गणित खरे आहे, मात्र जग लहान आहे. कर्बिन या मुख्य ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किमी. असून पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच ठेवलेले आहे. या दोन गोष्टी एकत्र बसवल्यामुळे कर्बिनची सरासरी घनता ऑस्मिअम या सर्वांत घन मूलद्रव्याच्या अडीच पटींहून अधिक भरते. असा ग्रह निसर्गात असणे अशक्य आहे, पण खेळाच्या दृष्टीने ही तडजोड शहाणपणाचीच म्हटली पाहिजे, कारण तीमुळे नवख्या खेळाडूचे रॉकेट चारपाच मिनिटांत कक्षेत पोहोचते. वेगात करावा लागणारा एकूण बदल, ज्याला खेळाडू डेल्टा-व्ही म्हणतात, तो कर्बिनवरून नीच कक्षा गाठण्यासाठी सेकंदाला सुमारे ३,४०० मीटर लागतो. पृथ्वीवरून हाच आकडा ९,३०० ते ९,४०० मीटरपर्यंत जातो.

हा फरक तिपटीहून कमी दिसतो, पण रॉकेटचे समीकरण घातांकी असल्यामुळे त्याचा परिणाम फार मोठा होतो. विशिष्ट आवेग, म्हणजे इंजिनाच्या इंधन-काटकसरीचे माप, ३२० सेकंद असलेले इंजिन घेतले, तर कर्बिनवरून कक्षेत जाताना उड्डाणाच्या वेळचे वजन कक्षेतील वजनाच्या सुमारे तिप्पट असावे लागते. पृथ्वीवरून ते जवळजवळ वीसपट असावे लागते. मूळ खेळातील एफएल-टी४०० ही नेहमीची टाकी भरलेली असताना २.२५ टन आणि रिकामी असताना ०.२५ टन भरते, म्हणजे इंजिन न जोडताही तिचे गुणोत्तर नवाच्या पुढे जात नाही. याउलट अमेरिकी स्पेस शटलच्या बाह्य टाकीचे शेवटचे रूप भरल्यावर सुमारे ७६० टन आणि रिकामे असताना साडेसव्वीस टन होते. म्हणूनच नुसता ग्रह मोठा करून भागत नाही. तसे केल्यास मूळ भागांनी बांधलेली रॉकेटे अक्राळविक्राळ होत जातात. आणि उलट, खऱ्या वजनाचे भाग लहानशा कर्बिनवर वापरले, तर उड्डाण पोरखेळ ठरते. ग्रह, टाक्या, इंजिने आणि इंधने एकाच वेळी बदलावी लागतात, आणि या जुळणीतील बहुतेक अडचणींचे मूळ याच परस्परावलंबनात आहे.

कामाची वाटणी साधारणपणे अशी आहे. कोपर्निकस हे मॉड ग्रह बदलण्याची यंत्रणा पुरवते आणि तिच्या आधारे रिअल सोलर सिस्टिम कर्बिनच्या जागी ६,३७१ किमी. त्रिज्येची पृथ्वी व तिच्याभोवती खरी सूर्यमाला मांडते. रिअल फ्युएल्स खेळातील मोघम ‘द्रव इंधना’ऐवजी केरोसीन, द्रव हायड्रोजन, द्रव ऑक्सिजन, हायड्राझीन अशी खरी प्रणोदके आणते. फेरॅम एअरोस्पेस रिसर्च वातावरणातील बलांचे गणित सुधारते. खुद्द रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल प्रत्येक भागाचे वजन, आकार आणि रेटा खऱ्या यंत्रांच्या नोंदींनुसार दुरुस्त करते. या दुरुस्त्या मूळ फाइलींना हात न लावता होतात : मॉड्यूल मॅनेजर हा छोटा प्रोग्रॅम खेळ सुरू होताना सर्व मॉडमधील मजकुरी सूचना वाचतो, त्यांचा क्रम लावतो आणि भागांच्या व्याख्या स्मृतीतच बदलतो. एखादे मॉड काढून टाकले की त्याने केलेले बदलही आपोआप जातात, ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

मूळ खेळातून इकडे येणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती इंजिन पेटवण्याची क्रिया. मूळ खेळात इंजिन कितीही वेळा पेटते आणि शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत हवे तसे कमीजास्त करता येते. येथे अनेक इंजिनांना एकच प्रज्वलन मिळते आणि बऱ्याच इंजिनांचा रेटा कमी करताच येत नाही. त्यात भर म्हणजे पहिला टप्पा विझून सुटला की रॉकेट भारहीन होते, वरच्या टप्प्याच्या टाकीतील द्रव तळाशी बसण्याऐवजी तरंगू लागतो आणि इंजिनाच्या नळीत द्रवाऐवजी वायू शिरण्याचा धोका निर्माण होतो. अशा स्थितीत कळ दाबली, तर इंजिन पेटत नाही आणि ते एकमेव प्रज्वलनही वाया जाते. खाली समुद्र दिसत असतो आणि करण्यासारखे काही उरलेले नसते. यावर उपाय दोन आहेत. टप्पा सुटताना लहान घन-इंधनी रॉकेटे क्षणभर पेटवून द्रव खाली बसवणे, ज्याला अलेज म्हणतात, हा एक; सॅटर्न ५ च्या वरच्या टप्प्यांवर अशी रॉकेटे खरोखरच होती. दुसरा उपाय सोयुझचा, म्हणजे खालचा टप्पा जळत असतानाच वरचा पेटवण्याचा. कळ दाबण्याआधी इंजिनाच्या माहितीपट्टीवर इंधन ‘व्हेरी स्टेबल’ दिसते का हे पाहण्याची सवय बहुतेकांना एकदोन याने गमावल्यावरच लागते.

प्रक्षेपणस्थळाचा अक्षांशही येथे जमेस धरावा लागतो. कर्बिनचे अवकाश केंद्र जवळजवळ विषुववृत्तावर असून तेथील मुन हा चंद्रही विषुववृत्ताच्याच प्रतलात फिरतो. त्यामुळे मुन क्षितिजावर उगवताच इंजिन पेटवावे, हा ठोकताळा चालून जातो. पृथ्वीच्या चंद्राची कक्षा विषुववृत्ताशी १८ ते २९ अंशांच्या दरम्यान कललेली असते आणि केप कनाव्हेरल साडेअठ्ठावीस अंश उत्तरेला आहे. म्हणून चंद्रावर निघायचे, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रक्षेपणस्थळ चंद्राच्या कक्षेच्या प्रतलाखाली किंवा त्याच्या शक्य तितके जवळ येईपर्यंत थांबावे लागते. परिवलनाची फुकटची मदतही ठिकाणानुसार बदलते : विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर, श्रीहरिकोट्याच्या पावणेचौदा अंशांवर सुमारे ४५० आणि केपवर सुमारे ४१० मीटर.

ही जुळणी हाताने करणे शक्य असले, तरी शहाणा मनुष्य त्या फंदात पडत नाही. सीकॅन या मॉड-व्यवस्थापकाला कोणते मॉड कशावर अवलंबून आहे आणि कोणाशी त्याचे जमत नाही हे ठाऊक असते. सुरुवात खेळाच्या फोल्डरची वेगळी प्रत करून ती स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या फोल्डरबाहेर ठेवण्यापासून करावी, म्हणजे मूळ खेळ शाबूत राहतो आणि नकळत होणाऱ्या अद्ययावतीकरणाने जुळणी मोडत नाही. ही प्रत एकदा मुख्य मेनूपर्यंत चालवून बंद करावी. त्यानंतर सीकॅनमध्ये तिची नोंद करून, सुसंगत आवृत्त्यांच्या यादीत १.१२ च्या आधीच्या काही आवृत्त्याही मान्य कराव्यात. असे न केल्यास जुन्या आवृत्तीसाठी जाहीर झालेली, पण अजूनही नीट चालणारी मॉड यादीत दिसतच नाहीत. ग्रहांच्या पृष्ठचित्रांचा संच २०४८, ४०९६ किंवा ८१९२ यांपैकी एकाच मापाचा निवडायचा असतो. सर्वांत मोठ्याचा मोह आवरावा, कारण स्मृती अपुरी पडली की खेळ काही न सांगता बंद पडतो.

यानंतरचे पहिले सुरू होणे फार वेळ घेते. खेळ अडकला असे समजून तो मध्येच बंद करू नये. सूचनांवर प्रक्रिया झाली की मॉड्यूल मॅनेजर निकाल साठवून ठेवतो आणि पुढच्या खेपेस, मॉडमध्ये बदल झालेला नसेल तर, तोच वापरतो. खेळातील ट्रॅकिंग स्टेशनमध्ये, म्हणजे ग्रह व याने दाखवणाऱ्या नकाशात, पृथ्वीच्या जागी कर्बिनच दिसला, तर कोपर्निकसची आवृत्ती खेळाशी जुळलेली नाही किंवा एखादे मॉड गेमडेटा या मॉड ठेवण्याच्या फोल्डरात एक पायरी आत पडले आहे, असे बहुधा निघते. हाताने उलगडलेल्या झिप फाइलीत ‘गेमडेटा’च्या आत आणखी एक ‘गेमडेटा’ तयार होणे ही चूक नेहमीची आहे. बाकीच्या बिघाडांचा माग खेळाच्या फोल्डरातील लॉग फाइलीत लागतो.

या पायावर आरपी-१ ही कारकीर्दीची, म्हणजे अवकाश कार्यक्रम पायरीपायरीने वाढवत नेण्याच्या खेळप्रकाराची, रचना उभी आहे. तिच्या नावात आरपी-१ याच नावाच्या रॉकेटच्या केरोसीनवर केलेली कोटी आहे. खेळ १९५१ सालापासून सुरू होतो; प्रारंभी केवळ साउंडिंग रॉकेटे, म्हणजे कक्षेत न जाता वरच्या वातावरणाचा वेध घेणारे लहान अग्निबाण, हाताशी असतात आणि इंजिने त्यांच्या खऱ्या कालक्रमाने मिळत जातात. रिअल अँटेनाज संदेशवहनाचा हिशेब अँटेनाची शक्ती, वारंवारता व अंतर यांवरून मांडते. प्रिन्सिपिया हे ऐच्छिक मॉड तर मूळ खेळाची एका वेळी एकाच खगोलाचे आकर्षण मोजण्याची पद्धत बाजूला सारून सर्वांचे आकर्षण एकत्र मोजते. मूळ खेळाच्या सूर्यमालेवर ते लावले असता जूल या महाग्रहाचे उपग्रह स्थिर राहत नाहीत, म्हणून प्रिन्सिपियाच्या कर्त्यांना त्या उपग्रहांच्या कक्षाच बदलून द्याव्या लागल्या.

मार्टिन श्वायगर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०२१ मध्ये मुक्त-स्रोत झालेल्या ऑर्बिटर या सिम्युलेटरमध्ये खरी सूर्यमाला आधीपासूनच असते, त्यामुळे तेथील पूरक प्रणाली मुख्यतः याने आणि उपकरणे वाढवतात. कर्बलमध्ये पायाच बदलायचा असल्याने एकदा सुरू झालेल्या कारकीर्दीत मॉडची नवी आवृत्ती घालणे जोखमीचे असते. त्याआधी सेव्ह फाइलींबरोबर संपूर्ण गेमडेटा फोल्डरचीही प्रत काढून ठेवावी लागते.